नकळत आलेले, नकळत गेलेले

दिलेली वस्तू परत मागणाऱ्याला आपल्याकडे कोणी चांगले म्हणत नाही. पण वापरायला दिलेली वस्तू परत मागण्यात कोणाला काही गैरही वाटत नाही. लग्नघरी शेजाऱ्यांची देग आणली, वलीमा उरकला, देग घासूनपुसून परत पोचवली, की व्यवहार पुरा झाला. 'दिले' आणि 'वापरायला दिले' यांतला हा फरक घरातल्या लहान मुलालाही समजावून सांगावा लागत नाही.

अलीकडे मात्र देण्याघेण्याचा एक तिसराच प्रकार आपल्या आयुष्यात आला आहे. वस्तू आपल्या घरात येते, आपल्या हातातल्या यंत्रावर दिसते, आपली मुले तिच्यावर हसतात, तिची गाणी गुणगुणतात. तरीही ती आपल्याला कोणी दिलेली नसते, आणि देगेसारखी हाती सोपवलेलीही नसते. मग एके दिवशी ती नसते. तक्रार करायला जावे, तर तक्रार नेमकी कशाची, हेच सांगता येत नाही. या तिसऱ्या प्रकारात देणाऱ्याचे काही कर्तव्य उरते की नाही, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. त्याचा विचार एका लहानशा उदाहरणावरून करू. उदाहरण जपानचे आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी ते डोळ्यांनी पाहिले असेल. पण लहान उदाहरणाचा एक फायदा असतो. त्यात राग-लोभ कमी असतो, म्हणून न्याय नीट पाहता येतो.

निन्टेन्डो ही जपानमधल्या क्योतो शहरातली खेळण्यांची जुनी कंपनी. तिने २०११ च्या फेब्रुवारीत 'थ्रीडीएस' नावाचा हातात धरून खेळायचा यंत्रखेळ जपानमध्ये बाजारात आणला. पुढच्याच महिन्यात तो युरोप-अमेरिकेतही पोचला. त्याची खुबी अशी, की त्याच्या वरच्या पडद्यावर चष्म्याशिवाय खोली दिसे. यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढच्या विचारात तिचे काम पडणार आहे. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून पाहतात आणि मेंदू त्या दोन चित्रांतून खोलीचा अंदाज बांधतो. या यंत्राच्या पडद्यावर एकाआड एक अशा उभ्या पट्ट्यांत दोन चित्रे दाखवली जात. मधला बारीक आडोसा एक चित्र डाव्या डोळ्याला आणि दुसरे उजव्या डोळ्याला पोचेल अशी व्यवस्था करी. बाजूची एक सरकपट्टी खालीवर केली, की खोली कमीजास्त होई. सहा वर्षे आणि त्याखालच्या मुलांना हे खोलीचे चित्र दाखवू नका, अशी सूचनाही कंपनीने दिली होती.

असे यंत्र विकायचे, तर त्यावर पाहण्यासारखे काही हवे. २०११ च्या उन्हाळ्यात युरोप-अमेरिकेत 'निन्टेन्डो व्हिडिओ' नावाची सेवा सुरू झाली. पैसे पडत नसत. यंत्र मिटून ठेवलेले असले, मालक झोपलेला असला, तरी इंटरनेटची जोडणी मिळाली की छोट्या छोट्या चित्रफिती आपोआप यंत्रात उतरत. सकाळी यंत्र उघडावे तो नवे काही हजर. त्यात लहान विनोदी चित्रपट होते, गाणी होती, जाहिरातीही होत्या. कचेरीत नोकरी करणाऱ्या डायनॉसोरांची 'डायनॉसोर ऑफिस' नावाची एक गमतीची मालिका खास या सेवेसाठी तयार झाली होती. मात्र चित्रफिती जपून ठेवण्याची सोय नव्हती. एका वेळी मोजक्याच, साधारण चार, यंत्रात राहत. नवी आली की जुनी निघून जाई. काय ठेवावे आणि काय जाऊ द्यावे, हे यंत्राच्या मालकाला कोणी विचारत नसे.

जपानमध्ये याच धर्तीची सेवा त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुरू झाली. फुजी टेलिव्हिजन आणि निप्पॉन टेलिव्हिजन या दोन मोठ्या वाहिन्या तिच्यासाठी कार्यक्रम पुरवीत. तिचे नाव होते 'इत्सु नो मा नि तेरेबी'. मराठीत सांगायचे, तर 'केव्हा आली ते कळलेच नाही अशी दूरचित्रवाणी'. ही सेवा जेमतेम वर्षभर चालली आणि २०१२ मध्ये बंद झाली. युरोप-अमेरिकेतली सेवाही २०१४ नंतर राहिली नाही. यंत्राचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, त्याचे इंटरनेटवरचे दुकान २०२३ च्या मार्चमध्ये बंद झाले, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये इतर जोडण्याही तोडण्यात आल्या. नकळत आलेले नकळत गेले. नाव ठेवणाऱ्याने अर्धीच गोष्ट सांगितली होती.

आता कोणी म्हणेल, यात नीती-अनीतीचा प्रश्न येतो कुठे? फुकटची चीज होती, फुकटात आली, फुकटात गेली. पाहणाऱ्याचे काय बिघडले? हा आक्षेप सरळ आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही.

पहिली गोष्ट, ती चीज खरोखर फुकट होती का? थ्रीडीएस बाजारात आला तेव्हा त्याची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये कंपनीला जपानमध्ये त्याची किंमत पंचवीस हजार येनवरून पंधरा हजारांवर आणावी लागली. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी आपला पगारही निम्मा करून घेतला. अशा दिवसांत या चित्रफिती यंत्रावर येत होत्या. त्या यंत्राच्या गुणांचा नमुना होत्या, ते विकत घ्यावे म्हणून दाखवलेले आमिष होत्या. म्हणजे पाहणाऱ्याने चित्रफितीचे दाम दिले नव्हते, पण यंत्राचे दिले होते. आपल्या कायद्यात याला शब्द आहे. निव्वळ बक्षीस म्हणजे हिबा. काही मोबदला घेऊन दिलेले बक्षीस म्हणजे हिबा-बिल-इवज. दुसऱ्या प्रकारात देणाऱ्याला 'मी मेहेरबानी केली' असे म्हणून मोकळे होता येत नाही. जगातल्या बहुतेक 'फुकट' सेवा या दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जातात, हे आपण ध्यानात ठेवलेले बरे.

तरीही क्षणभर मान्य करू, की मोबदला काहीच नव्हता. मग हा व्यवहार कोणता? हिबा म्हणावा, तर त्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने देत असल्याचे सांगणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि वस्तूचा ताबा देणे. तिसरी गोष्ट घडली नाही तर हिबा पुरा होत नाही, हे आपल्याकडची न्यायालयेही मानत आली आहेत. इथे ताबा कधी दिलाच गेला नाही. चित्रफीत यंत्रात होती, पण ती कधी येईल आणि कधी जाईल हे ठरवणारा हात दूर होता. तेव्हा हा हिबा नव्हे. मुंबईचे कायदेपंडित सर दिनशा मुल्ला यांच्या मुस्लिम कायद्यावरील प्रसिद्ध ग्रंथात हिब्यापासून वेगळा काढलेला आणखी एक प्रकार आहे, आरियत. वस्तूची मालकी न देता केवळ तिचा उपभोग घेऊ द्यायचा आणि वाटेल तेव्हा परत घ्यायचे. शेजाऱ्याची देग ही आरियत. वरवर पाहता आपली चित्रफीतही तशीच. ज्याने दिली त्याने परत घेतली, यात गैर ते काय?

इथेच थोडे थांबून पाहिले पाहिजे. आरियतीत देणाऱ्याचा हक्क मोठा आहे, पण घेणाऱ्याचेही कर्तव्य मोठे आहे. हनफी मताप्रमाणे वापरायला आणलेली वस्तू घेणाऱ्याच्या हातात अमानत असते. हयगय करून ती बिघडवली, तर तो जबाबदार. कोकणातल्या आपल्या शाफई मंडळींच्या मताप्रमाणे तर जबाबदारी याहून कडक आहे. ठरल्या वापराने झिजली तेवढी सोडून वस्तू गेली, तर तिची भरपाई द्यावी लागते. तपशिलात मतभेद असतील, पण दोन्हीकडे विचाराची मुळाशी असलेली गोष्ट एकच आहे. वस्तू ज्याच्या हातात, तिची जपणूकही त्याच्याकडे. देग आमच्या अंगणात असेपर्यंत तिची काळजी आमची. परत पोचली, की काळजी शेजाऱ्याची.

मग या नव्या प्रकारात काय होते? देग आमच्या अंगणात आलीच नाही. आम्हाला फक्त तिच्यातले जेवण वाढले गेले. ताबा क्षणभरही देणाऱ्याच्या हातून सुटला नाही. तेव्हा जपणुकीचे कर्तव्यही क्षणभर त्याच्या खांद्यावरून उतरले नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे. ज्याने ताबा सर्वस्वी स्वतःकडे ठेवला, त्याने सांभाळण्याची जबाबदारीही सर्वस्वी स्वतःकडे घेतली. परत घेण्याचा हक्क त्याला आहे, पण परत घेणे वेगळे आणि नाहीसे करणे वेगळे. शेजाऱ्याने देग परत न्यावी, याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण गावात तशी देग एकच असेल आणि ती तो विहिरीत टाकून देणार असेल, तर गावाने चार शब्द बोलावेत की नाही?

हा फरक स्पष्ट व्हावा म्हणून त्याच यंत्रावरचे दुसरे उदाहरण घेऊ. नेटफ्लिक्सचे चित्रपटही थ्रीडीएसवर पाहता येत. २०२१ च्या ३० जूनला ती सोय बंद झाली. त्याबद्दल हळहळ वाटली असेल, पण अन्याय झाला असे म्हणवत नाही. तेच चित्रपट दुसऱ्या पडद्यांवर होते. तिथे एक खिडकी बंद झाली. निन्टेन्डो व्हिडिओची गोष्ट वेगळी. त्यातल्या काही चित्रफिती पुढे इतरत्र पाहायला मिळाल्या, पण सपाट होऊन. दोन डोळ्यांसाठी केलेल्या दोन चित्रांतले एकच उरले. खोली हाच ज्या कामाचा प्राण, ते काम खोलीशिवाय जपले, तर कव्वालीचे बोल लिहून घेतले आणि सूर सोडून दिले असे होईल. म्हणजे इथे नुसती चित्रफीत जपून भागत नाही. ती जिच्यावर दिसते ते यंत्रही जपावे लागते.

दुसरा आक्षेप असा येईल, की या पोरकट चित्रफिती म्हणजे काही मोठी कला नव्हे. गेल्या तर गेल्या. यावर आम्ही आपल्याच इतिहासाकडे बोट दाखवू. हिंदुस्थानचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. अर्देशीर इराणी त्याचे दिग्दर्शक. लोकांनी गर्दी केली, गाणी तोंडोतोंडी झाली. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तिथे जन्मभर जुन्या चित्रपटांचे डबे गावोगावहून शोधून आणले. पण 'आलम आरा' त्यांच्याही हाती लागला नाही. त्या काळच्या शहाण्यासुरत्यांना बोलपट ही दोन घटकांची करमणूकच वाटत होती. जपण्यासारखे काय, हे त्या काळाला कळत नाही. ते पुढच्यांना कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून जपणुकीचा निकष 'आज थोर वाटते का' हा असू शकत नाही.

आणखी एक फरक पाहा. 'आलम आरा' गेला तो हेळसांडीने. त्याच्या प्रती ठिकठिकाणी फिरत होत्या. एखादी वाचली असती, तर सारा चित्रपट वाचला असता. एखाद्या गोदामवाल्याच्या आळसानेही तो तरला असता. नव्या प्रकारात अशा आळसाला जागा नाही. एका ठिकाणची कळ दाबली, की सगळ्या घरांतून एकाच वेळी वस्तू नाहीशी होते. पूर्वी विसरायला पुष्कळ माणसे लागत. आता एकाने ठरवले की पुरते.

समाजाने यावर पूर्वी उपाय काढलेला आहे. आपल्या देशात १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकत्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. दोनच वर्षांनी नियतकालिकेही त्या कायद्यात आली. प्रकाशक उद्या धंदा बंद करील, पण त्याचे काम चार ठिकाणी राहील, ही त्यामागची समजूत. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने २००० सालच्या दुरुस्तीनंतर तबकडी वा कॅसेटीच्या रूपातले यंत्रखेळही असे जमा करून घ्यायला सुरुवात केली. पण जी चीज डबीत बंद होऊन विकली जात नाही, नुसती हवेतून येते आणि जाते, ती जमा काय म्हणून करायची? कायदा वस्तूला धरून चालतो, आणि वस्तूच तर उरलेली नाही. कायद्याच्या हाताबाहेर गेलेली ही जागा सध्या फक्त माणसाच्या इमानावर सोपवलेली आहे. म्हणून हा प्रश्न नीतीचा आहे.

तर मग देणाऱ्याने करावे काय? सेवा कायम चालू ठेवा, असे आम्ही म्हणणार नाही. दुकान बंद करण्याचा हक्क दुकानदाराला आहे. तोट्यात दिवा जळत ठेवण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. आम्ही तीनच गोष्टी मागतो. पहिली, वेळेवर सांगणे. दुसरी, ज्याचे त्याला परत करणे. तिसरी, जे फक्त आपल्याकडेच आहे ते सांभाळू शकणाऱ्याच्या हाती सोपवल्याशिवाय न मिटवणे. या मागण्या हवेतल्या नाहीत. आपल्याकडच्या तरुणांत एके काळी लोकप्रिय असलेले ऑर्कुट २०१४ च्या ३० सप्टेंबरला बंद झाले. तेव्हा गूगलने काही महिने आधी तसे जाहीर केले आणि लोकांना आपले फोटो व मजकूर उतरवून घ्यायला पुढे दोन वर्षांची मुदत दिली. दुकान मिटले, पण गिऱ्हाइकाची गाठोडी परत मिळाली. कंपनीला मनात आणले तर जमते, याचा हा पुरावा आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२५ च्या आरंभापासून आणखी एक पाऊल टाकले. जे चित्रपट, खेळ वा पुस्तके विक्रेता पुढे काढून घेऊ शकतो, त्यांच्यापुढे 'खरेदी करा' असे लिहायचे, तर हा केवळ वापरण्याचा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. हे पाऊल लहान आहे, पण दिशा बरोबर आहे. आरियतीला आरियत म्हणा, विक्री म्हणू नका. नाव खरे असले, की निम्मा न्याय तिथेच होतो.

एक अवघड प्रश्न उरतो. बंद झालेल्या सेवेच्या चित्रफिती कोणी कुलूप मोडून उतरवून ठेवल्या, तर त्याला चोर म्हणायचे की राखणदार? कायदा अनेक देशांत असे कुलूप मोडण्याला मनाई करतो, आणि प्रत्येकाने आपल्या मर्जीने कायदा मोडावा असे आम्ही सांगणार नाही. पैसे कमावण्यासाठी दुसऱ्याची मेहनत पळवणाऱ्याची बाजू आम्हाला घ्यायचीही नाही. पण एवढे खरे, की मालकाने राखण सोडून दिली म्हणूनच परक्याला राखण करावी लागते. ओसाड टाकलेल्या घरातला दिवा शेजाऱ्याने लावला, तर दोष आधी कोणाला द्यायचा, हे सांगणे अवघड नाही.

आणि आता आपल्याविषयी. थ्रीडीएस आपल्या घरात नसेल, पण ही रीत आपल्या घरात आलेली आहे. निकाहाचे चित्रण, आखातात नोकरी करणाऱ्या मुलाने पाठवलेला आवाज, आता हयात नसलेल्या आजीने सांगितलेली कहाणी, यांतले किती आपल्या ताब्यात आहे आणि किती दुसऱ्याच्या कोठारात? आपल्या वडीलधाऱ्यांनी कागदपत्रे पत्र्याच्या पेटीत, कापडात गुंडाळून ठेवली. ती वाळवीने खाल्ली तर खाल्ली, पण पेटीची किल्ली घरात होती. आज पेटी मोठी झाली आहे, सुबक झाली आहे, आणि किल्ली घरात नाही. देणाऱ्याला त्याचे कर्तव्य सांगताना आपले कर्तव्य विसरून चालणार नाही. जे आपले आहे, त्याची एक प्रत आपल्या हाती असावी. महिन्याकाठी एक तास या कामाला काढणे कोणाच्याही आवाक्यातले आहे.

निन्टेन्डोच्या त्या चित्रफिती गेल्याने जगाचे फार नुकसान झाले, असे आम्ही म्हणत नाही. पण अमानतीची कसोटी मौल्यवान वस्तूवर होत नसते. सोन्याची राखण सगळेच करतात. कोणी मागायला येणार नाही, हिशेब कोणी विचारणार नाही, अशी किरकोळ चीज माणूस कशी सांभाळतो, यावर त्याचे इमान ओळखावे. वस्तूचा ताबा ज्यांनी आपल्या मुठीत ठेवला आहे, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. आणि जे थोडेबहुत आपल्या मुठीत उरले आहे, त्याबद्दल हाच प्रश्न आपली मुले उद्या आपल्याला विचारतील.